पुंजाजींची फास्ट टिकटिक

मी एक जुना बल्ब आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं जाम फिरलं आहे. गोडगोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. मी तावातावानंच बोलणार.

अमडापूरच्या पुंजाजींच्या गाडीला मागे, उजव्या बाजूच्या इंडिकेटरमध्ये मी पाच वर्षं लुकलुकलो. काचेचं पोट, आत बारीक तार, एवढाच माझा जीव. पण गाडी उजवीकडे वळणार हे मागच्यांना मीच सांगायचो. पुंजाजींची लेक मयुरी पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे धावून घामाघूम होऊन यायची, तरी गाडीमागे उभी राहून ओरडायची, "बाबा, उजवा चालू हाये!" तिनं बघितल्याशिवाय गाडी हलायची नाही.

शिवाय गाडीचीही एक खूण होती. एखादा बल्ब गेला की आतली टिकटिक एकदम भरभर व्हायची. म्हणजे उतरा आणि बघा!

मग पुंजाजींना एलईडीचं खूळ लागलं. खामगावात राजकुमार मिस्त्रीकडून त्यांनी चारही बल्ब बदलून घेतले. मला समोरच्या खणात, अगरबत्तीच्या पुड्याशेजारी कोंबलं. एलईडी वीज खाते थोडी, म्हणून गाडीला वाटलं, बल्ब गेले. टिकटिक धावायला लागली.

राजकुमार म्हणाला, "काका, टिकटिक करनारा रिले बी बदलवा लागते. नाहीतं बल्ब गेला तरी समजनच नाही."

"काऊन बदलू? फास्ट टिकटिक मस्त वाटून राह्यली! अन् एलईडी काय मरते का बे?"

झालं! सकाळचं बघणंही बंद. आणि त्या नखरेल एलईडीनं, माझ्याच जागेवरच्या, महिनाभरात मान टाकली. टिकटिक मात्र होती तशीच भरभर. कळणार कसं, कप्पाळ? मी खणात बोंबलत होतो. ऐकतो कोण!

मयुरीची मैदानी चाचणी आठ दिवसांवर आली होती. एका दुपारी ती स्कूटीवर आमच्या मागेच होती. एका पाहुण्याला सोडायचं म्हणून पुंजाजी मधल्याच फाट्यावर उजवीकडे वळले. इंडिकेटर दिला होता, पण मागे काहीच लुकलुकलं नाही. गाडी हळू झाली म्हणून मयुरी उजवीकडून पुढे निघाली आणि थेट दारावर आदळली. पाय मोडला पोरीचा.

दवाखान्यातून घरी आणताना पुंजाजी वाटभर तिच्यावरच खेकसत होते. "म्या इंडिकेटर देल्लं होतं! तुह्यंच ध्यान नव्हतं!" ती मागच्या सीटवर प्लास्टरचा पाय पसरून बसली होती. संतापानं माझी तार तुटायचीच बाकी होती.

चेपलेलं दार दाखवायला ते उजवा इंडिकेटर देत राजकुमारकडे वळले. तो मागून फिरून आला.

"काका, उजवं इंडिकेटर लागूनच नाही राह्यलं. थे एलईडी कवाचीच जळेल हाये."

पुंजाजींचं तोंड खर्रकन उतरलं. उतरायलाच हवं होतं! मित्रांनो, नवं आणा, खुशाल आणा. पण गाडी कळवळून काही सांगत असेल तर त्यात मजा मानू नका. आणि आपल्या चुकीचं खापर लेकरांच्या माथी फोडाल, तर खबरदार!

पुंजाजींनी मला खणातून काढलं. "माय, चुकलं माह्यं. जुनाच बल्ब लावतो आता."

"लावा," मयुरी म्हणाली. "पन मंगळवारी मैदानावर माह्या नावाचा पुकारा होईन, तवा कोन धावन, बाबा?"