तिसरा खिळा

"वहिनी, साडेसहा झाले. ट्राम दुपारपासून बंद आहेत म्हणे." फणसवाडीतल्या घराच्या गॅलरीत उर्मिलाबाईंची ही पंधरावी खेप.

"येतील गं. भाऊजी कधीपासून ट्रामवर अवलंबून राहायला लागले?" थोरली जाऊ सुमतीबाई म्हणाल्या, पण त्यांच्याही हातून वात काही नीट वळली जाईना.

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळाने अख्खं गिरगाव रस्त्यावर उतरलं होतं, आणि नेमकी आजच उर्मिलाबाईंच्या यजमानांना, चिंतामणरावांना बावन्न पुरी होत होती. तळपद्यांच्या घरात हा आकडा कुणी उच्चारत नसे. सासरे बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले, पुढे थोरले दीर मनमोहनही तसेच. वडिलांची तसबीर लावताना मनमोहनरावांनी थट्टेने ओळीत तीन खिळे ठोकले होते. "पुढचे दोन आम्हा भावांचे, रिझर्व्ह!" दुसरा भरला. तिसरा उपटायला उर्मिलाबाईंनी दोनदा पक्कड घेतली, पण हात लावायचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी बजावल्यापासून चिंतामणरावांनी सिगारेट सोडली होती, फोर्टातल्या कचेरीतून ते रोज चालत येत. पण खरं पथ्य पाळलं ते उर्मिलाबाईंनी. अस्सल परभी, म्हणजे पाठारे प्रभूंच्या घरातल्या सुगरणीने तुपाला हात आखडायचा म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. जातीतल्या बायका हसल्या. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट मात्र फार वाटायचं. आज त्यांनी हौसेने, सढळ हाताने तूप घालून, खरपूस भाजून कोलंबीचं भानोलं केलं होतं.

सात वाजता जिन्यावर पावलं वाजली. तीन मजले, एका दमात.

"कुठे होतात हो? जीव टांगणीला लागला होता!"

"अगं, कचेरीतल्या सिल्वेस्टरला खोताच्या वाडीत सोडून आलो. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण दर कोपऱ्यावर बसत होता. 'मॅन, तू म्हातारा का मी?' म्हणतो!" टोपी खुर्चीवर टाकून ते पाटावर बसले. भानोल्याचा बोटभर तुकडा त्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि ताटली सरकवली. "बस्स. अगदी पूर्वीसारखं झालंय. पुढच्या वर्षी पुन्हा कर."

पुढच्या वर्षी! उर्मिलाबाईंना पदर तोंडाला लावावा लागला.

"ह्यांना मी कधी अडवलंच नाही गं," मनमोहनरावांच्या तसबिरीकडे बघत सुमतीबाई हळूच म्हणाल्या. "उलट आग्रह करकरून वाढत राहिले."

मग त्या उठल्या, खुर्चीवरची टोपी त्यांनी पदराने पुसली आणि नवऱ्याच्या तसबिरीशेजारच्या रिकाम्या खिळ्याला अडकवून ठेवली.