हात न लागलेली साखर

परतूरच्या स्टेशनावर उतरलं आणि वारा दुधना नदीकडून असला, की बद्रीनाथ शेटचा साखर कारखाना डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचा. गिरिधरला सुरुवातीला त्या वासाचं काही वाटलं नाही. कानपूरला साखरेचं शिक्षण घेताना शिजता रस, भिजवलेला चुना, गंधकाची धुरी हे सगळं त्याच्या नाकात मुरलं होतं.

तो मूळचा जालन्याचा. वडील निजामाच्या कचेरीत कारकून होते. ते गेल्यावर घरात आई उषाबाई आणि तो, दोघंच. लढाईचे दिवस होते. साखर मिळायची ती रेशनवर, तीही मातकट. अशा वेळी सरकीचा व्यापार करणाऱ्या बद्रीनाथ शेटनं नदीकाठी छोटा कारखाना टाकला आणि रसायन जाणणारा माणूस हवा म्हणून गिरिधरला बोलावून घेतलं.

कारखान्यातली साखर रोज नव्या रंगाची निघे. कधी लालसर, कधी राखेसारखी. कारण उघड होतं. उसाच्या रसात चुन्याचं दूध बेतानं पडलं तर मळ खाली बसतो आणि रस निवळतो. इथं चुना टाकायचं काम मच्छिंद्रकडं होतं. माणूस वाईट नव्हता, पण गाडीवाल्यांशी गप्पा रंगल्या की त्याचा हात सुटायचा, आणि तंबाखूची तलफ आली की हात थांबायचा. साखर बिचारी मच्छिंद्रच्या लहरीवर रंग बदलत राहायची.

गिरिधरनं शेटच्या मागं लागून मुंबईहून एक यंत्र मागवलं. लोखंडी पन्हळ, मधोमध आसावर बसवलेली, तिला दोन कप्पे. वरून रस पडायचा. एक कप्पा भरला की पन्हळ त्याच्या भारानं कलंडायची, रस खालच्या बंद टाकीत जायचा आणि दुसरा कप्पा धारेखाली यायचा. प्रत्येक कलंडण्याबरोबर शेजारच्या पिपात एक पळी बुडून वर यायची आणि मोजकं चुन्याचं दूध रसात ओतायची. रस जास्त आला तर पळी भराभर चाले, रस थांबला तर पळीही थांबे. खटक, खटक. पुढं रस शिजवायच्या कढईतली वाफ आपोआप कमीजास्त करणारी एक झडपही त्यानं बसवली. आठवडा गेला नाही तोच साखर पांढरीशुभ्र पडू लागली.

शेट यंत्रासमोर हात बांधून उभा राहिला. हे सगळं माणसाशिवाय कसं चालतं, असं त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. गिरिधर फुलून गेला होता. तो म्हणाला, "शेटजी, आता रसाला माणसाचा हात लागायची गरजच उरली नाही."

शेटनं ते वाक्य उचललं.

पुढच्या महिन्यात नवी पोती आली. त्यांवर निळ्या शाईत छापलं होतं: हस्तस्पर्शरहित शुद्ध शर्करा. जालन्यापासून जाफराबादेपर्यंत सोवळ्यातल्या घरांनी ती साखर डोक्यावर घेतली. कुणाकुणाचे हात लागले असतील म्हणून आजवर ज्यांनी नैवेद्याला गुळाचा खडाच ठेवला, त्यांच्या देवघरात आता साखरेची वाटी आली. उषाबाईंनी लेकाला निरोप धाडला की चातुर्मासात मला तुझीच साखर चालेल, शेजारणीही मागून राहिल्या आहेत.

आणि शेटनं आणखी एक गोष्ट केली. टाक्या आणि पन्हळी धुवायला गावकुसाबाहेरच्या चारसहा बाया येत. द्वारकाबाई त्यांच्यातली मोठी. गाळप थांबलं की त्या टाकीत उतरायच्या, काथ्या आणि राख घेऊन कोपरान् कोपरा घासायच्या, वर कढत पाणी मारायच्या. शेटनं त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं. पोत्यावर एक छापायचं आणि टाकीत ह्यांना उतरवायचं, हे जमणार नाही, असं त्याचं म्हणणं. गिरिधरनं हरकत घेतली. यंत्र चुना मोजतं, टाकी धूत नाही, हे त्यानं समजावलं. शेट हसला आणि वाफेनं सगळं मरतं म्हणाला. गिरिधर त्यावर आणखी बोलला असता; पण त्याच दिवशी औरंगाबादचे कुणी बडे अधिकारी त्याचं यंत्र पाहायला येणार होते आणि त्याला कोट इस्त्री करायचा होता.

उन्हाळा तापला तसा ऊस वाळका येऊ लागला. गाड्या फाटकाबाहेर उन्हात खोळंबायच्या, रस निघेपर्यंत आंबलेला असायचा. कारखान्याचा वास बदलला. आधी ताडीसारखा, मग ओल्या चामड्यासारखा, मग ज्याला नाव देता येईना असा. पन्हळ अडखळायला लागली. रस तिच्यातून पडताना धार तुटेना, लाळेसारखी तार लोंबत राही. शेवटी एका दुपारी टाकीचा नळच तुंबला आणि गिरिधरनं मच्छिंद्रच्या मदतीनं वरचं झाकण उचललं.

आत भिंतींना बेडकाच्या अंड्यांसारखी बुळबुळीत रास चढली होती. हातभर जाड, राखाडी, हलणारी. ती आपणहून हलत नव्हती. तिच्यात अळ्या होत्या. कोपऱ्यात फुगून पांढऱ्या पडलेल्या दोन घुशी, त्यांची कातडी सुटून रसावर तरंगत होती. गांधीलमाश्यांचा थर. आणि या सगळ्यावर वरून, अगदी बेतानं, ताजं चुन्याचं दूध पडत होतं. खटक, खटक.

गिरिधर कठड्याला धरून ओकला. कानपूरच्या मास्तरांनी सांगितलं होतं की रसायनाच्या माणसानं नाक मुरडू नये. पण नाकाचा प्रश्नच उरला नव्हता. अंगावरची कातडी काढून धुवावी असं त्याला होत होतं. सगळ्यात किळस त्याला आली ती पलीकडच्या खोलीत गेल्यावर. तिथं पत्र्यावर साखर वाळत पडली होती. चुना आणि गंधकानं आपलं काम चोख केलं होतं. साखर मोगऱ्यासारखी पांढरी होती.

त्यानं गाळप थांबवलं. तासाभरात शेट धावत आला. त्यानं टाकीत डोकावून पाहिलं, नाकाला उपरणं लावलं आणि गाळप पुन्हा चालू करायला सांगितलं. परवा एका मठाचे कारभारी रामराव येणार होते. वर्षभराच्या नैवेद्याची साखर त्यांना इथूनच न्यायची होती. सोबत जालन्याचे व्यापारी असणार होते. हा सौदा होऊन जाऊ दे, मग बघू, असं म्हणून तो निघून गेला. मच्छिंद्रनं मुकाट्यानं काठीनं नळातला गोळा ढकलला आणि रस परत वाहू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरिधर द्वारकाबाईच्या घरी गेला. ती अंगणात तुराट्यांचा झाडू बांधत बसली होती. साहेब दारात बघून ती उठली, पण आत या म्हणाली नाही. त्यानं टाकीची अवस्था सांगितली. शेटला न कळवता, मागच्या फाटकानं आत घेतो, तेवढी टाकी धुऊन द्या, अशी गळ घातली.

द्वारकाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, आमचा हात लागला की साखर बाटून राह्यली. घुशीनं न्हाई बाटली, अळीनं न्हाई बाटली. मंग आता त्यायलाच सांगा की धुवायला."

गिरिधर म्हणाला, "हे मी नाही म्हणालो, द्वारकाबाई."

"तुमी न्हाई म्हणले. पर फाटकावरून आमाला हाकललं तव्हा तुमी तिथंच उभे व्हते. आन् आजबी मागच्या फाटकानंच बोलवून राह्यले."

ती पुन्हा खाली बसली आणि झाडू बांधू लागली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर गिरिधरला बरं वाटलं असतं. परत येताना वाटभर त्याच्या तोंडात कालच्या ओकारीची आंबट चव होती, आणि ती फक्त टाकीची नव्हती.

पाहुणे आले ते त्याच्या दुसऱ्या दिवशी, ऊन कलल्यावर. शेटनं पन्हळीला झेंडूचा हार घातला होता. रामराव कारभारी म्हणजे भरदार, गोरा माणूस. कपाळाला गंध, खांद्यावर रेशीमकाठी उपरणं. वासानं त्यांनी कपाळाला आठी घातली, तेव्हा कारखाना म्हटलं की एवढं चालायचंच, असं शेट म्हणाला. मग त्यानं पन्हळ दाखवली, पळी दाखवली, आणि ऊस आत गेल्यापासून पोतं शिवेपर्यंत रसाला मनुष्याचा स्पर्श नाही, हे तीन तऱ्हांनी सांगितलं. व्यापारी माना डोलावत होते. यंत्र कोणी बसवलं म्हणून शेटनं गिरिधरला पुढं केलं.

गिरिधर पुढं झाला आणि त्यानं टाकीचं झाकण ढकलून बाजूला पाडलं.

एक व्यापारी मागं सरकून भिंतीला धडकला. दुसऱ्यानं धोतराचा सोगा तोंडात कोंबला. शेटचा चेहरा राखेसारखा झाला. गिरिधरनं काठीनं त्या बुळबुळीत राशीचा एक लोळ उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. त्यातून अळ्या टपाटप खाली पडल्या. तो म्हणाला, "यातूनच साखर होते. मी स्वतः पाहिलंय. माझी आई हीच देवाला दाखवते."

रामराव मात्र जागचे हलले नव्हते. त्यांनी उपरण्याच्या टोकानं नाक झाकलं, वाकून नीट आत पाहिलं आणि मग शेटकडं वळून विचारलं, "हे असू द्या. किडा-मुंगी काय, उसातबी असती. पण आत उतरून हात कुणाचा लागला न्हाई ना?"

शेटला जीव आला. "बिलकुल न्हाई, महाराज. म्हणून तर असं झालं. बाया काढून टाकल्या मी."

"मंग अडचण काय?" रामराव म्हणाले. "शिजल्यावर सगळं शुद्ध होतं. फक्त जरा धुवून घ्यायची व्यवस्था बघा. बराबर माणसाकडून."

गिरिधरला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्यानं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं. भिंतीला धडकलेला व्यापारीसुद्धा आता मान हलवत होता.

त्यानं कोट काढला. धोतर वर खोचलं, राखेची पाटी घेतली, काथ्या घेतला आणि शिडी लावून टाकीत उतरला. उतरण्याआधी त्यानं पन्हळ थांबवून टाकीतला रस सोडून दिला होता. तळाशी गुडघाभर गाळ होता. पाय आत जाताच तो थंड, मऊ गोळा पोटऱ्यांवर चढला. पण तो घासत राहिला. निदान एवढी एक टाकी तरी आपल्या डोळ्यांदेखत स्वच्छ व्हावी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. राशीचे लोळ सुटून खाली पडत होते. बोटांच्या बेचक्यांत अळ्या वळवळत होत्या. एका बाजूचं लोखंड उघडं पडून चमकू लागलं.

तेवढ्यात वरून शेटचा आवाज आला. त्यात पुन्हा मध उतरला होता. "पाहिलं ना, महाराज? आमच्याकडं टाकी धुवायलाबी ब्राह्मण. तेबी शिकलेला. हात लागला तर असा लागावा."

"वा," रामराव म्हणाले. "हे पोत्यावर छापा."

गिरिधरचा हात थांबला. आपण गुडघाभर कशात उभे आहोत हे त्याला एकदम नव्यानं जाणवलं, आणि तो गाळ त्या क्षणी त्याला तितकासा घाण वाटला नाही. तो शिडी चढून वर आला. अंगावरून राखाडी गळती सुटली होती. पाहुणे पटापट दोन्हीकडं झाले, धोतरं सावरत, अंग चोरत. त्याच्या वाटेत कोणी उभं राहिना. शेटनं टाकी अर्धीच झाली म्हणून हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. कोट तिथंच खुंटीला राहिला.

नदीवर त्यानं अंग घासघासून धुतलं. दुसऱ्या दिवशी तो जालन्याला निघून गेला आणि परत आला नाही.

कारखाना मात्र चालला. शेटनं कुठूनसा एक गरीब भटजी टाक्यांवर नेमला, त्याला दमा लागला म्हणून दुसरा नेमला. पोत्यांवरचा मजकूर लांबला. गिरिधरनं आईला सगळं सांगितलं. उषाबाईंनी साखरेचा डबा मोरीत पालथा केला, पण शेजारणींना काही कळवलं नाही. वाईट दिसेल म्हणाल्या.

गिरिधर पुढं औरंगाबादेला शाळेत शास्त्र शिकवू लागला. साखर त्यानं सोडली ती कायमची. चहा बिनसाखरेचा, सणाला पोळी गुळाची. लोकांचा समज झाला की त्यानं काही व्रत धरलं आहे. बायका त्याचा दाखला आपल्या पोरांना देऊ लागल्या. तो ऐकून घ्यायचा आणि त्याच्या जिभेवर जुनी आंबट चव यायची.

हैदराबादची पोलीस कारवाई झाली त्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत वधूचा बाप त्याच्यासमोर श्रीखंडाची वाटी घेऊन हात जोडून उभा राहिला. गुरुजी, आज एक दिवस व्रत मोडा, म्हणाला. शेजारचे सगळे आग्रह करू लागले. तेव्हा गिरिधरनं प्रथमच सांगितलं. आवाज न चढवता, टाकीतलं जसं होतं तसं, अळ्या, घुशी, रामरावांचं बोलणं, सगळं. पंगतीतले घास हातात राहिले. पलीकडच्या म्हाताऱ्यानं ताट दूर सारलं.

वधूचा बाप खाली वाकला आणि गिरिधरच्या कानाशी हळूच म्हणाला, "गुरुजी, पंगतीत असलं बोलू न्हाई." मग ताठ होऊन त्यानं वाढप्याला पुढं चलायची खूण केली. वाढपी पुढं सरकला, आणि श्रीखंड वाढलं जाऊ लागलं.