बारा पाट्या आणि माझा चेपलेला तळ

मित्रांनो, मी चर्चच्या आवारातली एक जुनी पत्र्याची बादली आहे, आणि आज मान खाली घालून बोलते आहे. बादलीला मान नसते. कडी खाली टाकली आहे, ती मान समजा.

कारखान्यातून आले तेव्हा मी लखलखीत होते. दर शनिवारी स्वयंसेवक जमत. कोणी बाकं पुसे, कोणी पन्हळीतला पाला काढे, आणि मी सगळ्यांना पुरून उरे. "ही बादली आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त काम करते," असं त्यांच्यातले रंगारीदादा म्हणत. सावलीत बसून म्हणत, पण कौतुक ते कौतुक. पुढे त्यांनीच मला शिडीवरून खाली टाकलं. तळ एका बाजूने चेपला. तो ठोकून सरळ करायचं पुढच्या शनिवारी ठरलं. तो शनिवार अजून यायचा आहे.

चर्चमागे स्मृतिबाग आहे. तिथे बारा गुलाब, प्रत्येक एकेका दिवंगत माणसाच्या आठवणीचा, आणि प्रत्येकापाशी नावाची पितळी पाटी. बाग निवृत्त पोस्टमास्तरांकडे होती. चाळीस वर्षांत आपण एकही पत्र चुकीच्या दारात जाऊ दिलं नाही, हे ते सगळ्यांना सांगत. ज्यांनी ऐकलं होतं त्यांनाही.

एका शनिवारी छाटणीनंतर त्यांना पाट्या घासायची हुक्की आली. बाराही उपटून त्यांनी माझ्यात क्रमाने रचल्या. मी उतारावर उभी होते, आणि मी कलंडले. पाट्या गवतावर विखुरल्या. समोर बारा सारखेच खुंट. ना फूल, ना पान. पोस्टमास्तरांनी अंदाजाने पाट्या रोवल्या. रंगारीदादा म्हणाले, "चकचकीत झाल्या ना? मग आता तोंड मिटा." सगळ्यांनी मिटलं. मला तर तोंड मिटताच येत नाही, तरी मीही गप्प राहिले.

शिवणकाम करणाऱ्या एक मावशी दर रविवारी येत. मला भरून यजमानांच्या पाटीपाशी नेत, पाणी घालत, आठवड्याच्या बातम्या सांगत. बहर आला, तिथे लाल गुलाब उमलला. मावशींनी बागभर एक नजर फिरवली. त्या दिवसापासून माझ्या दोन खेपा होऊ लागल्या. दुसरी पार कुंपणाकडच्या झाडाला. मला वाटलं, ऊन वाढलं असेल.

पोस्टमास्तरांनी चाळीस वर्षांची गोष्ट सांगणं सोडलं. शेवटी एका रविवारी ते मावशींसमोर येऊन उभे राहिले.

"वहिनी, पाट्या माझ्या हातून बदलल्या. तुमचं झाड कुठलं, मला माहीत नाही."

"मला माहीत आहे. ह्यांचा गुलाब पिवळा. तो काय, कुंपणाकडे."

"मग या लाल झाडाला पाणी का घालता?"

"त्याचं माणूस कधी येताना दिसलं नाही. त्यात झाडाचा काय दोष?"

"पण बोलला का नाहीत?"

मावशींनी मला खाली ठेवलं. "तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, मास्तर. आठ महिने झाले."

त्यानंतर पोस्टमास्तर उरलेल्या अकराही घरी गेले. प्रत्येक दारात आधी चूक सांगितली, मग गुलाबाचा रंग विचारला, आणि पाट्या आपापल्या झाडापाशी परत रोवल्या. आता एक पाटी उपटतात, घासतात, रोवतात, मगच दुसरीला हात लावतात. मला ते दगडाचा टेकू देऊन उभी करतात. माझ्याकडे बघत मात्र नाहीत, आणि मीही त्यांच्याकडे बघत नाही.

मित्रांनो, तळ चेपला तर वेळीच ठोकून घ्या. आणि चूक शनिवारी झाली असेल, तर शनिवारीच सांगा. रविवारी कोणीतरी पाणी घेऊन येणार असतं.