वाफ्यातला पहिला मुळा

"सरका, सरका! वहिनींना जागा द्या!" शिंपीण ओरडली, आणि सगळी बिऱ्हाडं वाफ्याभोवती गोळा झाली.

लिफ्टवाला कडेला उभा राहून सारखा वाफ्याकडे बघत होता. चार इमारतींच्या या सामायिक बागेचा नियमच होता: ज्याने पेरलं, त्यानेच पहिला मुळा उपटायचा. आणि हा वाफा त्याच्या बायकोचा होता. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात लुळा पडल्यापासून ती खिडकीशी बसून असायची. व्यायामाचा रबरी चेंडू तिने भिरकावून दिला होता. पण शिंपिणीने "बी टाकायला येता का?" म्हणताच बाईसाहेब तीन जिने उतरल्या! दिवसभर लोकांना वर-खाली नेणाऱ्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन महिन्यांत तिला झोप लागू लागली, घरात रोज हिरवी भाजी शिजू लागली, त्याचंही सुटलेलं पोट आत गेलं. मूठ मात्र वळत नव्हती.

चारचौघांत तिची फजिती होऊ नये, म्हणून नवरोबाने पहाटे शहाणपणा केला. कडेचा मुळा उपटून परत मातीत अलगद खोचून ठेवला.

"हा कडेचा घे गं, सोपा जाईल."

"त्याने तर मान टाकलीय," ती म्हणाली. तिने एकवार नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "अहो, हे तुमचेच उद्योग ना?"

लिफ्टवाला पार ओशाळला.

तिने मधला दांडगा मुळा निवडला. डाव्या हाताने उजवी बोटं एकेक करून पाल्याभोवती वळवली आणि डावा हात काढून घेतला. पहिल्यांदा पाला निसटला. दुसऱ्यांदाही. तो पुढे धावला, तर शिंपिणीने त्याची बाही धरली. "थांबा हो भाऊजी!"

तिसऱ्यांदा मुळा आला आणि ती मातीत बुडावर आपटली. सगळी बाग हसत, टाळ्या पिटत सुटली. त्याला आनंदाने रडूच कोसळलं.

"रडताय काय? तुमचा तो कडेचा मुळा आज तुम्हीच शिजवा!"

घरी निघताना ती फाटकाशी आली. तीस वर्षं लोकांसाठी दारं उघडणाऱ्याचा हात सवयीने कडीकडे गेला. त्याने तो मागे घेतला.

तिची उजवी बोटं कडीवर चाचपडत राहिली. मागे सात-आठ माणसं खोळंबली, पण कोणीच घाई केली नाही.