डावखुऱ्याची गिटार

माक्तान बेटावरच्या गिटारी घडवणाऱ्यांच्या आळीत फेलिसाच्या हाताला तोड नव्हती, आणि हट्टालाही. तिचा नवरा मेल्चोर ज्या बोटीवर होता ती वादळात बुडाली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली, त्याचं तेवढं लागलं नाही.

सासू एपिफानिया रोज म्हणे, "पोरी, मेलेल्यासाठीची प्रार्थना मांड. त्याचा जीव वाटेत अडकलाय गं."

"जित्या माणसाची कसली प्रार्थना, आई? आधी त्याची गिटार होऊ दे."

बोटीवर दोर ओढून बोटांची नखं तुटतात, आता हातात धरायच्या नखीनेच वाजवीन, तशी करून ठेव, असं सांगून जाताना तो गिटार तिच्याकडे ठेवून गेला होता. फेलिसाने जास्त ताणाच्या नायलॉनच्या तारा चढवल्या. नखीच्या फटक्याने तार फार हलते आणि गळ्यावरच्या पट्ट्यांना लागून खरखरते, म्हणून तारा टेकतात ते घोडीवरचं हाड जरा उंच केलं. मऊ लाकडावर नखीचे ओरखडे उठू नयेत म्हणून गिटारीच्या पोटावरच्या भोकाच्या खालच्या अंगाला प्लास्टिकचा पातळ पत्रा चिकटवला. मग गिटार भिंतीला टांगली, दाराला आतून अडसर घातला आणि कधी नव्हे ती गाढ झोपली.

सकाळी गिटार बाकावर होती. पत्रा कोरा करकरीत. ओरखडे उठले होते ते भोकाच्या वरच्या अंगाला, उघड्या लाकडावर.

फेलिसाने कपाळावर हात मारून घेतला. मेल्चोर डावखुरा! सरळ गिटार उलटी धरून वाजवायचा, म्हणजे त्याची खालची बाजू ती हिची वरची. आयुष्यभर परक्यांच्या गिटारींना पत्रे लावून हाताला वळण पडलेलं, ते नेमकं घरच्याच माणसाला नडलं.

"आई! आला तो!" ती हसत-रडत खोल्या धुंडाळू लागली. "लपतोस काय, मेल्या! चुकलं माझं, बाहेर ये!"

परसात बघायला ती दाराशी धावली. अडसर जसाच्या तसा होता.

मागे एपिफानियाने गिटार उचलली, तशी भोकातून पाण्याची गार धार तिच्या पावलांवर सांडली. म्हातारीने बोट ओलं करून जिभेला लावलं.

"खारट," ती म्हणाली.

फेलिसाने पुन्हा एकदा अडसराकडे पाहिलं आणि गिटार सासूच्या हातून घेतली. तिने पत्रा ऊब देऊन सोडवला आणि ओरखड्यांवर, त्याच्या बाजूला, नीट दाबून बसवला.

"आई, शेजारणींना बोलवा प्रार्थनेला," ती म्हणाली. "आणि गिटार बाकावरच असू द्या. प्रार्थना संपेपर्यंत वाजवू दे त्याला."