मॅडमचा घसा बसला तेव्हा

बुटांच्या दुकानावर मॅडमचं तीन खोल्यांचं जनसंपर्क कार्यालय होतं. कंपन्यांची निवेदनं लिहायची, बातमीदारांना फोन करायचे, लोकांपर्यंत नीट बातमी पोचवायची. काम चोख होतं, पण हाताखाली माणूस टिकत नव्हता. तीन शिकाऊ येऊन गेले होते आणि आज दुपारी चौथीनेही राजीनामा टेबलावर ठेवला होता.

या चौथीला सगळे कात्रीबाई म्हणत. छापून आलेल्या बातम्या कापून वहीत चिकटवायच्या, एवढंच तिच्याकडे काम. बातमीदारांचे नंबर मॅडमच्या कुलूपबंद खणात. बावीस वर्षं घासून जोडलेल्या ओळखी ही कालची पोर एका फोनात मातीत घालेल, अशी मॅडमना धास्ती.

राजीनाम्यात दोनच ओळी होत्या. 'दोन वर्षांत मी एकाही बातमीदाराशी बोलले नाही. काम शिकायला दुसरीकडे जाते.'

मॅडमना यावर चांगलं झणझणीत उत्तर द्यायचं होतं, पण देणार कशाने? घसा ठार बसला होता. डॉक्टरांनी तीन दिवस बोलायला मनाई केली होती. अंगात कणकण म्हणून सासऱ्यांनीच त्यांना गाडीतून आणून सोडलं होतं, आणि न्यायलाही आपणच यायचं तर उगाच दोन खेपा कशाला, म्हणून ते तिथेच खुर्चीत ठाण मांडून बसले होते. सासऱ्यांनी सारी हयात लोकांना मोटार चालवायला शिकवण्यात घालवली होती.

तेवढ्यात मुलांच्या पाण्याच्या बाटल्या बनवणाऱ्या कंपनीचा मेल आला. निळ्या झाकणातलं रबर सुटून येत होतं. लहान मुलाने ते गिळलं तर जिवाशी खेळ. कंपनी सगळ्या बाटल्या परत घ्यायला तयार होती, पण उद्याच्या वर्तमानपत्रांत ते छापून यायला हवं होतं. पाचनंतर कोणी बातमी घेत नाही, आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

मॅडमनी भराभर निवेदन लिहून सगळ्यांना मेलने पाठवलं. पण मेलच्या ढिगातून ते उघडलं जायचं तर फोन करायलाच हवा. नाइलाजाने त्यांनी एक नंबर चिठ्ठीवर लिहून कात्रीबाईपुढे सरकवला.

तिने स्पीकर लावला आणि हातातला कागद धडाधड वाचायला सुरुवात केली. "प्रसिद्धीसाठी. माननीय संपादक महोदय, सविनय कळविण्यात येते की…"

"अहो ताई," पलीकडचा बातमीदार म्हणाला, "मला वाचता येतं. झालंय काय ते सांगा, दोन मिनिटं आहेत माझ्याकडे."

कात्रीबाई पुन्हा कागदातच शोधू लागली. मॅडमनी फोन हिसकावला आणि तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"हॅलो? कुकर लावलाय का कोणी?" असं म्हणून बातमीदाराने फोन ठेवला.

सासरे खुर्चीत गदागदा हसत होते. मॅडमनी रागाने चिठ्ठी लिहून त्यांच्या हातात कोंबली. 'बघितलंत? म्हणूनच मी कोणाला फोन देत नाही.'

सासऱ्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. "सूनबाई, हे उलटं आहे. तू फोन देत नाहीस म्हणून असं होतं."

'आणि माझ्या ओळखींचं काय?'

"माझ्या गाडीत दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. स्टिअरिंग मात्र एकच, आणि ते त्याच्या हातात. चाळीस वर्षांत गाडी चारदा कुंपणात घुसली, नाही म्हणत नाही. पण मीच स्टिअरिंग धरून बसलो असतो, तर लोक म्हणाले असते, मास्तर, तुम्हाला येतं हे कळलं, आम्हाला कधी येणार?" मग ते जरा गंभीर झाले. "आणि उद्या सकाळी कुणाचं तरी पोर त्या बाटलीला तोंड लावणार आहे. तुझ्या ओळखी खणात बसून त्याच्या आईला सांगणार आहेत का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पर्समधून किल्ली काढली, खण उघडला आणि नंबरांची वही कात्रीबाईच्या हातात दिली. वर एक चिठ्ठी. 'कागद वाचू नकोस. शेजारणीला सांगशील तसं सांग. मी इथे बसले आहे.'

कात्रीबाईने पुन्हा तोच नंबर लावला. "मघाशी मी गडबडले. घरात निळ्या झाकणाची बाटली असेल तर आजच बाजूला काढा. रबर सुटतंय, मुलाच्या घशात अडकेल."

"थांबा, लिहून घेतो. बाटल्या किती?"

"बारा हजार."

मॅडमनी टेबलावर टकटक करून चिठ्ठी धरली.

"चुकले, अठरा हजार. आधीचा आकडा खोडा."

"चूक लगेच सांगता, हे बरं आहे. नाव काय तुमचं?"

कात्रीबाईने नाव सांगितलं. पुढच्या फोनांच्या वेळी मॅडम चिठ्ठ्या सरकवत राहिल्या. 'याला आधी आकडा सांग.' 'ही चिडते, चिडू दे.' पाचला दहा मिनिटं असताना आठवा फोन संपला. दुसऱ्या दिवशी सात वर्तमानपत्रांत बातमी आली आणि दुपारपर्यंत दुकानांतून बाटल्या परत यायला लागल्या.

मॅडमनी लिहिलं, 'हे मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. चूक माझी आहे.'

"यावर सही करा मॅडम," कात्रीबाई म्हणाली, "वहीत चिकटवते."

'आणि राजीनामा?'

"तुमचा घसा बरा होईपर्यंत थांबते."

'बरा झाल्यावर?'

"सगळे फोन पुन्हा तुम्हीच करायला लागलात, तर जाईन."

चौथ्या दिवशी मॅडमना आवाज फुटला. फोन वाजला. सवयीने त्यांचा हात पुढे गेला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी फोन कात्रीबाईकडे सरकवला. ती अजून तिथेच आहे.

वाचकहो, ऑफिस असो, दुकान असो की घर, आपल्या हाताखाली कोणी ना कोणी शिकत असतं. त्याला काम द्या, चुकेल तेव्हा शेजारी बसा, आणि तो बोलत असताना आपण गप्प राहा. त्यासाठी आजारी पडायची गरज नाही.