भूम्यासन

प्रभाकरपंतांनी चष्मा काढून कोनाड्यात ठेवला, चटई सारखी केली आणि ते वज्रासन घालून बसले. क्षणभर डोळे मिटून श्वास स्थिर केला, दोन्ही तळवे समोर टेकले आणि हळूहळू पुढे वाकत कपाळ भुईला लावले. गुडघ्यांतून बारीकशी कुरकुर ऐकू आली.

“कोपरं बाहेर चाललीत, बाबा,” दाराशी उभी असलेली त्यांची सून दीपाली म्हणाली. तिच्या हातात मोबाइल होता. ती एकदा त्यातल्या चित्राकडे पाही, एकदा सासऱ्यांकडे. “आणि बोटांची टोकं जराशी आत. एकमेकांकडे.”

“अशी?”

“हां. आता अगदी जपानी दिसताय.”

“दिसण्यासाठी करत नाही मी हे.” प्रभाकरपंतांचे शब्द चटईतच मुरले. “तू हसते आहेस.”

“मी नाही हसत. पण हे दुकानातून आले आणि त्यांनी तुम्हाला असं पाहिलं, तर डॉक्टरांनाच फोन करतील.”

“म्हणून तर दार लोटून घे म्हटलं.”

दीपालीने दार लोटले. बाहेर दिवाळीच्या पाडव्याची गडबड चालली होती. शेजारच्या घरी कुणी तरी रांगोळीच्या रंगावरून भांडत होते. प्रभाकरपंत सावकाश उठून बसले, कपाळावर उमटलेली चटईची वीण बोटांनी चाचपली आणि पुन्हा वाकले.

बुऱ्हाणपुरात त्यांच्यापुढे वाकणारेच पुष्कळ होते. उभा जन्म त्यांनी संस्कृत शिकवण्यात घालवला होता. घराजवळ, शनवाऱ्याच्या चौकात भाजी घ्यायला थांबले, तरी एखादा टक्कल पडलेला गृहस्थ स्कूटर बाजूला लावून त्यांच्या पाया पडे, आणि त्यांचा हात आपोआप त्याच्या मस्तकावर जाई. ते स्वतः वाकत ते देवापुढे, आणि गुरुजी हयात होते तोवर गुरुजींपुढे. वयाने धाकट्या माणसापुढे वाकण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता. आला असेल, तर त्यांनी तो ओळखला नव्हता.

या खेपेला ओळखायलाही दसरा उजाडावा लागला.

भाद्रपदात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या, गावातल्याच लालबाग भागातल्या घरी सत्यनारायणाची पूजा होती. पूजा सांगायला बसले होते प्रभाकरपंतच. संकल्पाची वेळ झाली, तरी कुसुमची मुलगी मृणाल आतल्या खोलीतून बाहेर येईना. त्यांनी एकदा हाक मारली, पुन्हा मारली. “बस, दोन मिनिटं मामा, प्लीज,” एवढेच उत्तर आले. तेव्हा ते सोवळ्यानेच उठले आणि खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. संगणकाच्या पडद्यावर, जपानी कार्टूनांत असतो तसा, झिपऱ्या केसांचा एक माणूस गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून पडला होता. आणि त्याच्यापुढे काय, तर कापडी बुटांचा एक जोड. प्रभाकरपंतांच्या मनात एकच अर्थ उभा राहिला: ही पादुकांची थट्टा आहे. बाहेर देव मांडलेला, आणि ही मुलगी पादुकांची थट्टा बघत बसली आहे! त्यांनी भिंतीपाशी जाऊन वायर ओढली. पडदा काळा झाला.

“कार्टून बघायला आयुष्य पडलं आहे,” ते म्हणाले होते.

मृणाल उठली. ती बाहेर येऊन बसली, तिने कथा ऐकली, प्रसाद घेतला आणि रिवाजाप्रमाणे मामाच्या पायांवर डोकेही ठेवले. त्याआधी पूजेच्या अखेरीस प्रभाकरपंतांनी देवाची क्षमा मागितली होती. मंत्रात उणे राहिले असेल, विधीत काही चुकले असेल, तर सांभाळून घे म्हणून. त्या मंत्रातले एकही अक्षर त्यांच्या मुखातून घसरले नव्हते.

त्यानंतर मृणाल शनवाऱ्याला, त्यांच्या घरी, आली नाही. लहानपणापासून एक दिवसाआड मामाकडे येणारी मुलगी! त्यांचे डोळे थकल्यापासून तीच त्यांना वाचून दाखवी, मधेच संधी चुकीचा सोडवी, आणि रागे भरले की दीपालीकडून चहा आणून पुढे ठेवी. आता निरोप धाडला की सबब येई. सबब गोड असे, हेच त्यांना अधिक लागे.

शेवटी दसऱ्याला सोने देताना दीपालीनेच तोंड उघडले.

“बाबा, त्या दिवशी ती कार्टून बघत नव्हती. काढत होती.”

“काढत होती म्हणजे?”

“म्हणजे ते चित्र तिचंच. अशी चित्रं हलवून ती गोष्ट करते. एका स्टुडिओत नोकरीसाठी पाठवायची होती, त्याच संध्याकाळपर्यंत. किती तरी दिवस करत होती बिचारी. तुम्ही वायर काढलीत आणि ते सगळंच बिघडलं. पुन्हा उघडलंच नाही.”

प्रभाकरपंतांच्या हातातले आपट्याचे पान तसेच राहिले.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तीच म्हणाली, मामांना सांगू नका.”

त्यांनी लगेच फोन लावला. “झालं गेलं विसरून जा, बाळ,” ते म्हणाले. “हो मामा,” मृणाल म्हणाली. फोन खाली ठेवल्यावर आपलेच वाक्य त्यांच्या डोक्यात घोळू लागले. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला ती सवयच असते. ‘झालं गेलं’: यात कर्ता कोठे आहे? कुणी केले, ते नाहीच. आणि ‘विसरून जा’ ही आज्ञा. तीही जिचे नुकसान झाले तिलाच. शाळेतल्या एखाद्या पोराने असे वाक्य लिहिले असते, तर त्यांनी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

त्या चित्रातला माणूस करत काय होता, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी दीपालीला विचारले. तिने मोबाइलवर तसे प्रसंग शोधून दाखवले. स्वयंपाकी होऊ पाहणारा एक उमेदवार गुरूच्या दाराशी पडून होता: मला शिष्य करून घ्या. एक बाप दुसऱ्याच्या मुलापुढे वाकला होता. त्याच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. एक पोरगा तर दूरवरून धावत येऊन गुडघ्यांवर घसरतच मैत्रिणीपुढे थांबला.

“याला एवढी कसली घाई?” प्रभाकरपंतांनी विचारले.

“हे विनोदी आहे, बाबा. त्यानं तिचा केक खाल्ला.”

“असं.” ते गंभीरपणे म्हणाले. “पण वाकला मात्र नीट.”

असे भुईला कपाळ लावून विनवण्याला जपानीत दोगेझा म्हणतात, हेही दीपालीने वाचून सांगितले. दो म्हणजे माती, गे म्हणजे खाली, झा म्हणजे बसणे. “भूम्यासन,” प्रभाकरपंत स्वतःशी पुटपुटले. गुडघे, तळवे आणि कपाळ; अवयव सारे आपल्याच नमस्कारातले. पण आपला नमस्कार घडला की वरून आशीर्वादाचा हात येतो. वाकणारा काही घेऊन उठतो. इथे वाकणारा आपली मान तेवढी समोरच्याच्या स्वाधीन करतो आणि वाट पाहतो. समोरचा नाही म्हणू शकतो. काही गोष्टींत तो तसा म्हणालाही होता, आणि पाठ फिरवून निघून गेला होता. ते दृश्य त्यांनी दीपालीला पुन्हा लावायला सांगितले.

भाऊबीजेला दुपारी ते माव्याच्या जिलबीचा पुडा घेऊन रिक्षाने लालबागला गेले. कुसुमने पाटाभोवती रांगोळी घातली होती. तिचे यजमान अरविंद, आणि त्यांचे जुने स्नेही, निंबोल्याचे मोतीलाल पाटील, केळीचा घड भिंतीशी टेकवून गप्पा मारत बसले होते.

“या गुरुजी! तुमच्या बहिणीनं आम्हाला केव्हाचं उपाशी ठेवलंय,” मोतीलाल म्हणाले. “म्हणे आधी भाऊ, नंतर बासुंदी.”

“मग भावानं उशीर केला, हा माझा दोष का?” कुसुम म्हणाली. “बस दादा, बस. पूर्वेकडे तोंड कर. हे तरी तुला सांगायला नको.”

औक्षण झाले. कुसुमने कपाळाला कुंकू लावले, सुपारी फिरवली, ओवाळले. मग नेहमीप्रमाणे आत हाक मारली, “मृणाल, ये गं, मामाच्या पाया पड.”

मृणाल आली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हते. ती वाकणार, तोच प्रभाकरपंतांनी पाय मागे घेतले.

“थांब,” ते म्हणाले.

ते पाटावरून उतरले, रांगोळी मोडणार नाही अशा बेताने बाजूला झाले आणि तिच्यासमोर वज्रासनात बसले. चष्मा काढला. तो ठेवायचा कोठे, हे क्षणभर सुचेना; शेवटी पाटावर ठेवला. मग तळवे टेकले, बोटांची टोके किंचित आत वळवली आणि कपाळ फरशीला लावले.

“अगंबाई! दादा, हे काय?” कुसुमच्या हातातले तबक खणकन वाजले. “उठ आधी! मोठ्यानं वाकलं की लहानाचं आयुष्य कमी होतं. पोरीच्या डोक्यावर पाप का चढवतोस?”

“कसलं पाप, कुसुमताई?” मोतीलाल मोठ्याने हसले. “आमच्यात तर मामाच भाचीच्या पाया पडतो. भांजी देवी असते ना! इतने साल में गुरुजी अब जाके अपने बुऱ्हाणपूरके हुए!”

अरविंदही हसले. कुसुमचा जीव भांड्यात पडला. “हो का, मग ठीक,” असे ती म्हणालीसुद्धा. फरशी गार होती. प्रभाकरपंतांना कळले की, आता उठले तरी चालेल. आपण वाकलो हेही खरे ठरेल आणि आपला मानही तसूभर ढळणार नाही. उलट उद्या गावात कौतुकच होईल. मोतीलालांनी अजाणता एक दार उघडून दिले होते, आणि ते चांगले रुंद होते.

“मोतीलालजी,” ते कपाळ न उचलता म्हणाले, “ही ती चाल नव्हे.”

हसणे थांबले.

“मृणाल, पूजेच्या दिवशी मी तुझं काम मोडलं. काय आहे ते मी विचारलं नाही. मी वायर ओढली. वर फोन करून तुलाच विसरायला सांगितलं. माझं चुकलं. मी तुझी क्षमा मागतो.”

स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली, आणि ती बंद करायला कुसुम गेली नाही. प्रभाकरपंतांना फरशीखेरीज काही दिसत नव्हते. ऐकू आली ती मृणालची पावले. ती मागे वळली आणि आतल्या खोलीकडे गेली.

म्हणजे ती गेली. नाही म्हणायचा अधिकार तिचाच होता. तो तिने वापरला. त्यांना वाईट वाटले, पण नवल असे की घुसमटल्यासारखे झाले नाही. जे म्हणायचे ते पूर्ण म्हणून झाले होते. आता उठावे, चष्मा घ्यावा, आणि बहिणीला वाईट वाटू नये म्हणून दोन घास बासुंदी खावी. त्यांनी तळव्यांवर भार घेतला.

“उठू नका!” आतून आवाज आला. एक खण खेचला गेला, काही तरी खाली पडले, आणि पावले धावतच परत आली. “मामा, हलू नका. बस, तसेच राहा.”

ती त्यांच्या शेजारी, अगदी जवळ, फरशीवर बसली. मग त्यांच्या कानाशी खरखर सुरू झाली: जाड कागदावर पेन्सिलची.

“अगं मृणाल,” कुसुम पुटपुटली, “त्यांना उठू तरी दे. वय काय, गुडघे काय…”

“आई, एक मिनिट गप्प बस ना.” पेन्सिल थांबली नाही. “पाठीचं हे वळणच मला येत नव्हतं. कितने बार काढलं! पिक्चरमधले सगळे तरुण, त्यांची पाठ अशी वाकतच नाही. मामा, गुडघे दुखतायत का?”

“नाही.”

“खोटं.”

“थोडे.”

“मग थोडंच थांबा.” तिचा आवाज बदलला होता; संधी चुकीचा सोडवताना असायचा तसा, भरभर आणि बेफिकीर. “बोटं आत कुणी वळवायला सांगितली? वहिनीनं?”

“चुकली का?”

“नाही. बरोबर आहेत. हलवू मात्र नका.”

मोतीलाल हळूच उठून जवळ आले आणि कागदाकडे वाकून पाहू लागले. “अरे, हे तर गुरुजीच!” ते अरविंदांना दबक्या आवाजात म्हणाले. कुसुम कुकरकडे गेली. जाताना तिने डोळ्यांना पदर लावला की घाम पुसला, ते कुणी पाहिले नाही. प्रभाकरपंतांचे गुडघे आता चांगलेच ठणकत होते आणि कपाळावरचे कुंकू फरशीला लागले असणार होते. पण त्यांचा श्वास खोल आणि संथ चालू झाला होता. हे आसन आणखी किती वेळ टिकेल, याचा विचारही त्यांनी सोडून दिला.

“हे आज पुरं होणार नाही,” मृणाल म्हणाली. “उद्या मी शनवाऱ्याला येते. पुन्हा बसाल ना असे?”

त्यांनी काही तरी उत्तर दिले. पण तोंड भुईशी असल्याने ते नीट ऐकू आले नाही.

“गुरुजी क्या बोले?” मोतीलालांनी विचारले.

“‘ये’ म्हणाले,” मृणाल म्हणाली, आणि तिने नवा कागद घेतला.